समीकरणात चिन्ह का बदलतं

मंगळवार, रात्र

आज पुन्हा भास्कराचार्यांचं घोड्यांचं उदाहरण काढलं. एकाजवळ ३०० रूपं (म्हणजे नाणी) आणि ६ घोडे. दुसऱ्याजवळ १० घोडे, पण डोक्यावर १०० रूपं कर्ज. घोड्यांची किंमत एकसारखी आणि दोघांची मालमत्ताही सारखीच, तर एक घोडा केवढ्याला? ११५० सालच्या ‘बीजगणित’ ग्रंथातलं हे गणित एकचल समीकरण शिकवायला मला आजही सगळ्यात चांगलं वाटतं. अज्ञाताला तिथे ‘यावत्तावत्’ म्हणतात, लिहिताना नुसतं ‘या’. कर्जाच्या आकड्यावर टिंब.

आपण क्ष धरू: ६क्ष + ३०० = १०क्ष − १००.

इथे मुलं घोकतात, ‘पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं’. पण पलीकडे काहीच जात नाही. दोघांचेही सहा-सहा घोडे बाजूला काढले, तर मालमत्ता सारखीच उरते: ३०० = ४क्ष − १००. मग दोघांनाही १०० रूपं दिली, की दुसऱ्याचं कर्ज फिटतं: ४०० = ४क्ष, म्हणून क्ष = १००. ताळा: ६०० + ३०० = ९०० आणि १००० − १०० = ९००.

हे कारण कळलं नाही, तर घोकलेला नियम भलतीकडे लागतो. २क्ष = ८ दिसलं की क्ष = ८ − २ असं लिहून मुलं मोकळी होतात. तो २ क्षला गुणतोय, मिळवलेला नाही. तेव्हा दोन्ही बाजूंना २ ने भागायचं.

खरी पडझड छेदांपाशी होते.

(क्ष − १)/२ − (क्ष − २)/३ = १

लसावि ६. दोन्ही बाजूंना ६ ने गुणलं की ३(क्ष − १) − २(क्ष − २) = ६. कंस सोडवताना −२ गुणिले −२ म्हणजे +४: ३क्ष − ३ − २क्ष + ४ = ६, क्ष = ५. ताळा: ४/२ − ३/३ = १. तिथे −४ लिहिलं तर क्ष = १३ येतो आणि डावी बाजू ७/३ भरते. उजवीकडच्या १ ला ६ ने गुणायचं राहिलं तर क्ष = ० येतो आणि डावी बाजू १/६ भरते. हा १/६ नीट बघावा: डावी बाजू हव्या त्या १ च्या नेमकी सहापट कमी आहे, म्हणजे कुठला ६ विसरला ते ताळ्यानेच दाखवलं. म्हणून ताळा मूळ समीकरणातच घ्यायचा, मधल्या पायरीत नव्हे.

छेद घालवायची सवय लागली की ती राशींनाही लावली जाते. क्ष/२ + क्ष/३ सोपं रूप द्या म्हटलं, की ६ ने गुणून उत्तर ५क्ष. इथे बरोबरचं चिन्हच नाही, दुसरी बाजू नाही. गुणलं तर राशीच बदलली. ६ छेदात राहतो: ५क्ष/६. शंका असेल तर क्ष = ६ घालावं. मूळ राशी ३ + २ = ५, ५क्ष/६ चीही ५, आणि ५क्ष मात्र ३०.