खिडकी कुठंय?

आमच्या आत्याबरोबर जुना पिक्चर बघायचा म्हणजे तोंडी परीक्षाच. ती ब्याऐंशी वर्षांची, ऐकू कमी येतं, त्यामुळे डायलॉगशी तिला फारसं देणंघेणं नसतं, आणि ऐन रंगात आलेल्या सीनला रिमोट ओढून घेते, पॉज करते आणि विचारते, "खिडकी कुठंय?" म्हणजे पडद्यावर जी खोली दिसतीय तिच्यात उजेड कुठून येतोय ते सांगायचं. परवा असंच कुठल्यातरी पिक्चरमधली गरीब विधवा रडत होती, उजेड तिच्या उजव्या गालावर आणि मागच्या भिंतीवर सावली पण उजवीकडेच, मग आत्या म्हणाली, "दोन्ही बाजूंनी खिडक्या! एवढी हवेशीर जागा, भाडं किती गं देत असेल ही?" झालं, मला पुढचं रडणं गंभीरपणे बघताच आलं नाही.

आत्या शाळेत चित्रकलेची टीचर होती. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसणाऱ्या पोरांकडून तिने हजारो वेळा स्थिरचित्र काढून घेतलं असेल, तेच ते पितळी तांब्या, वांगं, मागे चुण्या पाडलेली सतरंजी. "आधी उजेडाची बाजू ठरवा, मग पेन्सिल उचला" हे वाक्य आमच्या घरात लग्न ठरवतानासुद्धा वापरलं गेलंय.

पण मला वाटतं हे वेड शाळेतलं नाही, वाड्यातलं आहे. सदाशिव पेठेत आमचा वाडा होता (आता तिथं सात मजले आणि खाली पार्किंग) आणि दुपारी एक ते चार रस्त्याकडच्या खोलीची दारं-खिडक्या लावून सगळे आडवे व्हायचे. खिडकीच्या एका फळीला गाठ निघून बारीक भोक पडलेलं होतं. बाहेर कडक ऊन आणि आत मिट्ट काळोख असला की त्या भोकातून समोरच्या भिंतीवर अख्खा रस्ता उमटायचा, आणि तोही उलटा. सायकलवाला डोकं खाली, चाकं वर करून छताकडून सरकत जायचा, त्याच्या मागून भाजीची हातगाडी, मग नऊवारीतली कोणीतरी. आणि रंगीत! घरातला टीव्ही तेव्हा ब्लॅक अँड व्हाइट होता आणि भिंतीवर हिरव्या पालेभाजीची गाडी उलटी चाललीय हे मला इतकं भारी वाटायचं की मी झोपायचीच नाही. आत्या पडल्या पडल्या कुजबुजायची, "बघ, फुकट पिक्चर." कॅमेरा म्हणजे मुळात हेच, अंधारी खोली आणि एक भोक, हे मला कॉलेजात कोणी शिकवायच्या आधी त्या भिंतीने शिकवलं.

नंतर कधीतरी दादासाहेब फाळक्यांचं वाचलं. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा, हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच्या आधी त्यांनी प्रयोग म्हणून वाटाण्याचं रोप उगवताना शूट केलं होतं, थोड्या थोड्या वेळाने एकेक चौकट घेत. मला हरिश्चंद्रापेक्षा तो वाटाणा जास्त आवडतो. कुंडीसमोर कॅमेरा लावून दिवसच्या दिवस थांबलेला माणूस, आणि रोप वळतंय कुठे तर उजेडाकडे. आत्याला सांगितलं तर म्हणाली, "जेजेत शिकलेला माणूस तो, बघायची सवय असणारच."

हे मात्र तिचं खरंय. आपल्याकडचा सुरुवातीचा सिनेमा बराचसा चित्रकारांच्या हातातून आलाय. फाळके मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, छपाईच्या धंद्यात होते, राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या छापखान्याशी त्यांचा संबंध. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर तर नावातच पेंटर, मूळचे मेस्त्री, नाटकांचे पडदे रंगवायचे, परदेशी कॅमेरा परवडेना म्हणून स्वतः कॅमेरा तयार केला. त्यांच्याच हाताखाली दामले आणि फत्तेलाल तयार झाले, त्यांनी शांतारामबापू वगैरे मंडळींबरोबर १९२९ ला कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली आणि १९३३ ला ती पुण्यात आणली. आपण रोज प्रभात रोडवरून जातो, सिग्नलला शिव्या घालतो, पण तो रस्ता कंपनीच्या नावाचा आहे हे डोक्यातसुद्धा येत नाही. स्टुडिओच्या जागेत १९६० ला फिल्म इन्स्टिट्यूट आली आणि प्रभातचं मोठं शूटिंग स्टेज अजून तिथे वापरात आहे.

'संत तुकाराम' (१९३६) आत्याबरोबर बघितला तेव्हा तिने एकदाही पॉज केलं नाही. मी विचारलं, काय गं, आज खिडकी नाही? तर म्हणाली, "यांना विचारायची गरज नाही." दिग्दर्शक दामले-फत्तेलाल, दोघेही पडदे रंगवण्यात मुरलेले, त्यामुळे जिजाई चिडून चप्पल हातात घेऊन थेट विठोबासमोर उभी राहते तिथंसुद्धा आत्या जिजाईकडे बघत नव्हती, मागच्या खांबांकडे बघत होती. पोराच्या आजारपणाने पिसाळलेली आई समोर आहे आणि ही खांब बघतीय! मी म्हटलं, कमाल आहे तुझी. ती म्हणाली, "खांब खोटा असता तर बाई पण खोटी वाटली असती." यावर मला आजपर्यंत उत्तर सुचलेलं नाही.

आता माझा आवडता भाग, गुरुदत्तचा 'कागज़ के फूल'. रिकामा स्टुडिओ, दोघं लांब लांब उभे, आणि वरून उजेडाचा एक जाड खांब तिरपा खाली येतो. १९५९ चा पिक्चर, व्ही. के. मूर्तींचा कॅमेरा. आपल्याला वाटतं वर कुठेतरी भला मोठा लाइट लावला असेल. तर नाही, ते ऊन आहे! दिव्याचा झोत पसरत जातो, उन्हाचे किरण मात्र समांतर येतात, म्हणून मूर्तींनी बाहेर उन्हात एक मोठा आरसा ठेवला, त्यातला कवडसा आत उंचावर लावलेल्या दुसऱ्या आरशावर पाडला आणि तिथून खाली. म्हणजे आपण शाळेत मागच्या बाकावरून बाईंच्या डोळ्यात पाडायचो तोच उद्योग. पिक्चर तेव्हा साफ पडला, आणि गुरुदत्तने पुन्हा दिग्दर्शक म्हणून नाव लावलं नाही. तो सुरुवातीला पुण्यात प्रभातमध्येच नोकरीला होता, तिथेच लाँड्रीत शर्टांची अदलाबदल होऊन देव आनंदशी दोस्ती झाली ती गोष्ट सगळ्यांना माहितीये, त्यामुळे ती इथे लांबवत नाही.

मी हा प्रयोग घरी करून बघितला. गॅलरीत जेवणाचं स्टीलचं ताट धरलं आणि कवडसा हॉलमधल्या कपाटाच्या आरशावर पाडायला गेले. ताट जरासुद्धा हललं की कवडसा छतावरून माशासारखा पळतो. दोन मिनिटांत हात भरून आला, आणि शेवटी उजेड पडला तो झोपलेल्या नवऱ्याच्या तोंडावर. पुढचं संभाषण लिहिण्यासारखं नाही.

आणि एक सत्यजित रायचा 'अपराजितो'. काशीतलं घर, मधे चौक, पण ते घर कलकत्त्यात स्टुडिओत उभारलेलं, कला दिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्तांनी. खऱ्या चौकात ऊन थेट येत नाही, आभाळाचा उजेड वरून झिरपतो आणि सावल्या जवळजवळ पडतच नाहीत. आता हे लाइट लावून कसं करणार? कॅमेरामन सुब्रतो मित्रांनी सेटच्या वर पांढरं कापड ताणून बांधलं, खालून दिवे त्या कापडावर मारले आणि परत आलेल्या उजेडात शूटिंग केलं. १९५६ साली, वय पंचविशीच्या आसपास. हे मी आत्याला वाचून दाखवलं तर तिने ते दृश्य परत लावायला सांगितलं, अगदी जवळ खुर्ची नेली आणि बराच वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "आपला चौक. नळापाशी असाच असायचा उजेड, सकाळी, भांडी घासताना." वाडा पडला तेव्हा ती रडली नव्हती. त्या दिवशी पण रडली नाही, फक्त पुढचा अर्धा तास चष्मा पुसत बसली.

सध्या आमच्याकडे उजेडाची बोंबच आहे. फ्लॅटच्या पूर्वेला नवीन टॉवर झाला, सकाळचं ऊन पूर्ण गेलं, बिल्डरला काय त्याचं. पण गंमत अशी की संध्याकाळी पाचच्या सुमाराला मावळतीचं ऊन त्या टॉवरच्या काचांवर आपटतं आणि तिथून आमच्या हॉलमध्ये शिरतं, ज्या हॉलमध्ये संध्याकाळचं ऊन यायचं काहीच कारण नाही. जमिनीवर टेबलाएवढा चौकोन पडतो. आत्या रोज पावणेपाचला आपली खुर्ची त्या जागेवर सरकवून तयार बसते, पेपर घेऊन. परवा तो आलाच नाही. मी गॅलरीतून बघितलं, समोर नवव्या मजल्यावरच्यांनी स्लायडिंगची काच सरकवून खिडकी उघडी टाकली होती.

"जा," आत्या म्हणाली, "त्यांना सांगून ये, पाच ते साडेपाच बंद ठेवा म्हणावं."

आणि पेपर वाचायला लागली.