अजिंठ्याचा कडा बघायला जाताय? मग आधी माणसं कुठे थांबतात ते बघा

अजिंठ्याला या खेपेला चित्रांसाठी गेलो नव्हतो. लेण्यांच्या डोक्यावरचा कडा बघायचा होता: कुठला दगड सुटायच्या बेतात आहे, सुटला तर कुठे आदळेल आणि तेव्हा तिथे कोण असेल. यातला तिसरा प्रश्न लोक सहसा विसरतात.

सुरुवात लेण्यांपासून करू नका. दुर्बीण घेऊन आधी दरीपलीकडच्या व्ह्यू पॉइंटवर जा. वाघूर नदीने कापलेला घोड्याच्या नालाच्या आकाराचा, सुमारे ७५ मीटर उंचीचा कडा तिथून सलग दिसतो. लाव्हाचे थर एकावर एक आहेत. भरीव बेसॉल्ट टिकतो, त्यामधला सच्छिद्र, गारगोट्यांनी भरलेला थर लवकर झिजतो आणि आत सरतो. मग वरचा भरीव थर छज्जासारखा अधांतरी राहतो. त्यात उभ्या चिरा असतातच. पावसाचं पाणी चिरेत उतरतं, पिंपळ-उंबराची मुळं ती रुंदावतात, आणि एक दिवस तुकडा निघतो.

ऊन तिरपं असताना बघा, चिरांच्या सावल्या उठून दिसतात. जुना पृष्ठभाग काळा-तपकिरी आणि शेवाळाने डागाळलेला असतो, ताजी जखम निळसर राखाडी. असा डाग दिसला की फोटो काढा आणि त्याच्या बरोबर खाली काय आहे ते टिपून ठेवा. पाऊस संपता संपता गेलात तर कुठल्या चिरेतून अजून पाणी पाझरतंय तेही कळतं. ऐन मुसळधार पावसात मात्र कड्याखाली फिरू नका. बराच वेळ पडून पाऊस नुकता थांबला असेल तेव्हाही नको, चिरांमधलं पाणी लगेच उतरत नाही.

आता खाली. पूर्वी बहुतेक लेण्यांना नदीतून वर येणाऱ्या स्वतंत्र पायऱ्या होत्या. लेण्यांना जोडत कड्याला लागून जाणारी सलग वाट अलीकडची. म्हणजे आज आपण कड्याखालून आडवे चालत जातो. चालणारा माणूस एका जागी काही सेकंदच असतो, त्यामुळे त्याचा धोका कमी. पण चित्रांच्या लेण्यांबाहेर जोडे काढावे लागतात. गर्दी असली की आत सोडायलाही वेळ लागतो. माणसं दाराशी वाकून बुटांच्या नाड्या सोडतात, पोरांना सावरतात, रांगेत उभी राहतात. ही जागा नेमकी छताच्या बाहेर, कड्याच्या धारेखाली येऊ शकते. माझ्या वहीत सगळ्यात ठळक खूण अशाच एका दारासमोर आहे. वरच्या भेगेपेक्षा खालची रांग मला जास्त काळजीची वाटली, आणि रांग चार पावलं आत सरकवायला खर्चही येत नाही.

पडलेले दगड मोजायला गेलात तर हाती फार काही लागणार नाही. वाट झाडली जाते! स्वच्छता चांगलीच, पण आपला पुरावा त्यात जातो. म्हणून झाडणाऱ्यांना आणि पहारेकऱ्यांना विचारा: दगड कुठे सापडतात, केवढे, कुठल्या महिन्यात? एका मावशींनी मला हाताच्या ओंजळीने माप दाखवलं आणि वर बोट करून म्हणाल्या, "वानरं उड्या मारतात ना, त्यांच्या पायानंही सुटतो." दगड कुठे पडतील याचा अंदाज बांधणाऱ्या कुठल्याच संगणकी नमुन्यात वानरांचा हा हिशेब मी पाहिलेला नाही. फरशीवरचे ताजे खळगे आणि वाकलेले कठडेही बघा, ते झाडून जात नाहीत.

हेल्मेटवर फार विसंबू नका. गिर्यारोहणाच्या हेल्मेटची युरोपीय चाचणी ५ किलोचं वजन २ मीटरवरून टाकून होते, म्हणजे साधारण १०० ज्यूल (ज्यूल हे ऊर्जेचं माप). ५० मीटरवरून आलेला १ किलोचा दगड जवळपास ५०० ज्यूल घेऊन येतो. एक घनमीटरचा तुकडा पावणेतीन टनांच्या आसपास भरतो, आणि तेवढ्याच उंचीवरून खाली येईपर्यंत त्याचा वेग ताशी ११० किलोमीटरच्या पुढे जातो.

घाटरस्त्यावर असतं तर जाळी टाका, बोल्ट मारा, सिमेंट फवारा म्हणून मोकळे झालो असतो. इथे ड्रिलची थरथर आतल्या चित्रांच्या गिलाव्यापर्यंत पोचू शकते. सिमेंटने चिरा बुजवल्या की पाणी कोंडतं, दाब वाढतो, शिवाय क्षार झिरपतात. त्यामुळे आधी कड्यावरचं पाणी वळवणं, झाडं मुळं न उपसता कापणं, सुटे दगड हाताने उतरवणं, भेग रुंदावतेय का ते दाखवणारे मापक बसवणं. आणि गरज पडली तर सरळ बंद करणं. अमेरिकेतल्या मेसा व्हर्डे राष्ट्रीय उद्यानातलं स्प्रूस ट्री हाउस, म्हणजे कड्याच्या कपारीत बांधलेली जुनी दगडी वस्ती, वरून दगड पडू लागल्यामुळे २०१५ पासून पर्यटकांना बंद आहे.

जाण्यापूर्वी: सोमवारी लेणी बंद असतात. ड्रोन किंवा तिपाई वापरायची असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी आधीच काढा. फर्दापूर फाट्यावर गाडी ठेवून पुढे बसनेच जावं लागतं, म्हणून दुर्बीण, वही आणि कोनमापक पाठीवरच्या पिशवीत मावतील असं बघा.