चढावर पॉवर सोडणारी गोल्फ कार्ट: माझा अनुभव

‘गाडी मध्येच बंद पडते’ एवढ्या तक्रारीवर गोल्फ कार्टचं काहीच ठरत नाही. पुण्यात बावधनच्या एका सोसायटीतली सहा सीटची कार्ट बघायला गेलो तेव्हा बॅटऱ्या बदलायच्या की कंट्रोलर (मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा), यावर तिथे चर्चा सुरू होती. दोन्ही महाग. मी आधी ड्रायव्हरला विचारलं: पॉवर एकदम जाते की हळूहळू कमी होते? जाताना सीटखालून ‘टक’ असा आवाज येतो का? पेडल सोडून परत दाबलं की चालते का?

यातच निम्मं काम होतं. हळूहळू मंदावत गेली तर बॅटरी उतरलेली असते किंवा कंट्रोलर तापलेला असतो. तापलेला कंट्रोलर स्वतःच करंट कमी करतो आणि थंड झाला की पूर्ववत चालतो. झटके देत चालली तर थ्रॉटल (पेडल किती दाबलंय ते कंट्रोलरला कळवणारा भाग), स्पीड सेन्सर किंवा मोटरचे कार्बन ब्रश. ‘टक’ होऊन एकदम गेली तर सोलेनॉइड, म्हणजे मोटरचा मोठा करंट जोडणारा-तोडणारा विद्युतचुंबकी स्विच, सुटतोय. ही कार्ट टक करून जात होती, तीही बहुतेक चढावरच्या स्पीड ब्रेकरवर, आणि पेडल सोडून दाबलं की परत चालत होती.

गाडी जुन्या बांधणीची, ४८ व्होल्टची: ८ व्होल्टच्या सहा लेड-ॲसिड बॅटऱ्या, डीसी सिरीज मोटर. सोलेनॉइड ओढून धरणाऱ्या कॉइलचा करंट किल्ली आणि पेडलच्या मायक्रोस्विचमधून (पेडल दाबताच जुळणारा छोटा स्विच) थेट जातो. नव्या गाड्यांमध्ये कॉइल बहुतेक कंट्रोलरच सांभाळतो, म्हणून वायरिंग बघितल्याशिवाय पुढचं सगळं तसंच्या तसं लावू नये.

तक्रार काहीही असली तरी पॅक, म्हणजे सगळ्या बॅटऱ्यांचा संच, आधी तपासावा. पूर्ण चार्ज करून काही तास विसावलेला पॅक ५०.९ व्होल्टच्या आसपास, म्हणजे प्रत्येक बॅटरी साधारण ८.५ दाखवते. हा आकडा फसवा आहे. लोड नसताना मेलेली बॅटरीसुद्धा ८.४ दाखवू शकते. म्हणून दोन माणसं मागे बसवून चढावर गाडी घेतली आणि प्रत्येक बॅटरीचं व्होल्टेज चालत्या गाडीत वाचलं. सहाही ७.६ ते ७.८ मध्ये राहिल्या. एखादी एकटीच ६.५ च्या खाली घसरली असती तर दोषी तीच. हायड्रोमीटरवरही (ॲसिडची घनता मोजणारी नळी) सगळे सेल १.२६५ च्या वर होते. बॅटऱ्या बदलायचा विषय तिथेच संपला.

त्याच फेरीत दोन बॅटऱ्यांमधल्या जोडकेबलींचा ड्रॉप, म्हणजे केबलीतच वाया जाणारं व्होल्टेज, मोजला. मीटरची एक पिन एका बॅटरीच्या शिशाच्या पोलवर, दुसरी पुढच्या बॅटरीच्या पोलवर. लगवर (केबलीच्या टोकाचा धातूचा जोड) किंवा नटवर नाही, कारण खराब जोड नेमका पोल आणि लगच्या मध्ये असतो. १२० ॲम्पियरच्या आसपास चार केबली ०.१ च्या आत होत्या, एकीवर मात्र ०.८ व्होल्ट. हिशोब केला तर त्या एका केबलीत जवळजवळ १०० वॅट नुसते उष्णता होऊन जात होते. बाहेरून ती धडधाकट, पण स्लीव्ह कापल्यावर आत तांबं हिरवं. ३५ स्क्वेअर एमएमची नवी केबल, कलई केलेले तांब्याचे लग, हायड्रॉलिक क्रिंपिंग (दाबयंत्राने लग केबलीवर घट्ट दाबणं). हातोडीने ठोकून चपटा केलेला लग मी घेत नाही. ग्रीस किंवा व्हॅसलीन नट आवळल्यावर जोडाच्या वरून लावायचं, मध्ये नाही. (करंट मोजायला डीसीचा क्लॅम्प मीटर लागतो, घरगुती एसीवाला इथे शून्य दाखवतो.)

ही केबल बदलणं गरजेचंच होतं, पण तिने टक आवाज होत नाही. खरा दोष अजून बाकी होता.

अधूनमधून येणारा दोष उभ्या गाडीत सापडत नाही आणि मीटर धरून धक्क्यात आकडा वाचता येत नाही. मी दिवे लावतो. ट्रकच्या पार्किंग लाइटचे २४ व्होल्ट ५ वॅटचे दोन बल्ब सिरीजमध्ये जोडले की ४८ व्होल्टचा टेस्ट लॅम्प होतो. नाना पेठेत स्पेअरच्या कुठल्याही दुकानात मिळतात. अशा दोन जोड्या केल्या, प्रत्येकीला १ ॲम्पियरचा फ्यूज. पहिली सोलेनॉइडच्या कॉइलवर, दुसरी कंट्रोलरच्या बी प्लस आणि बी मायनसवर (पॅकचा पुरवठा आत येतो ती टर्मिनलं), आणि दोन्ही दिवे डॅशबोर्डवर चिकटवले. मीटर इथे दगा देतो: सोलेनॉइडच्या मोठ्या टर्मिनलांवर साधारण २५० ओहमचा प्रीचार्ज रेझिस्टर (कंट्रोलरचा कपॅसिटर आधीच हळूहळू भरून ठेवणारा) असतो, त्यातून सोलेनॉइड उघडा असतानाही मीटरला जवळजवळ पूर्ण व्होल्टेज दिसतं. बल्ब तेवढ्यावर नीट पेटत नाही.

गाडीने दगा दिला की नजर दिव्यांवर. पहिला विझला तर कॉइलचा पुरवठा तुटला. पहिला पेटलेला आणि दुसरा मंद, तर सोलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट जळालेत. दोन्ही लख्ख आणि तरी गाडी थांबली, तर दोष थ्रॉटल, कंट्रोलर, फॉरवर्ड-रिव्हर्स स्विच किंवा मोटरकडे. पेडल दाबलेलंच असताना दोन्ही एकदम गेले तर पॅकच्या मुख्य जोडांकडे वळायचं, किंवा कॉइलचाच पुरवठा, कारण सोलेनॉइड सुटला की दुसरा दिवाही उतरतो. हे वेगळं करायला त्या क्षणी हॉर्न वाजवून बघावा. तो पॅकवरच चालत असेल आणि वाजला, तर पॅक शाबूत आहे.

स्पीड ब्रेकरवर पहिला दिवा लुकलुकला, मग विझला. हॉर्न वाजला. म्हणजे कॉइलची साखळी.

किल्लीचा स्विच, पेडलबॉक्समधला मायक्रोस्विच आणि मधले स्पेड कनेक्टर (चपट्या पातीचे जोड) एवढेच संशयित. कंटिन्युइटीच्या बीपवर विसंबू नये. बऱ्याच मीटरमध्ये तीसेक ओहम असले तरी तो वाजतो. पेडल दाबून, कॉइल ओढलेली असताना स्विचच्या दोन टर्मिनलांमधलं व्होल्टेज बघावं. चांगल्या स्विचवर ते शून्याच्या जवळ असतं. इथे किल्लीवर काहीच नव्हतं, मायक्रोस्विचवर आकडा ३ ते ११ व्होल्टमध्ये नाचत होता आणि पेडलवर टिचकी मारली की पूर्ण ४८, म्हणजे स्विच पूर्ण उघडा. पेडल सोडून दाबलं की कॉन्टॅक्ट एकमेकांवर घासले जातात, म्हणून गाडी परत चालायची.

स्विच उघडला तर कॉन्टॅक्ट काळे पडून खड्डे पडलेले. नुसता नवा बसवला असता तर काही महिन्यांत तोही असाच झाला असता. कॉइलचा पुरवठा तुटताना ती उलट दिशेने मोठा व्होल्टेजचा झटका देते आणि मायक्रोस्विचमध्ये ठिणगी पडते. तो झटका जिरवायला कॉइलवर डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लागतो, आणि या सोलेनॉइडवर तो नव्हताच. कुणीतरी सोलेनॉइड बदलताना जुन्याबरोबर काढून टाकला होता. १एन४००७ हा काही रुपयांचा डायोड बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास मिळतो. त्याची रेघ असलेली बाजू कॉइलच्या प्लसला. उलटा लावला तर स्विच दाबताच शॉर्ट होतो.

हे सगळं करताना आधी मेन निगेटिव्ह काढायची, मग कंट्रोलरच्या बी प्लस-बी मायनसवर टेस्ट लॅम्प धरून आतला कपॅसिटर रिकामा करायचा. पान्याच्या दांड्याला टेप, हातात अंगठी-कडं नाही. मागची चाकं जॅकवर असताना सिरीज मोटरला पूर्ण थ्रॉटल कधीच द्यायचा नाही. लोड नसताना ती वेग वाढवतच जाते आणि आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) फुटू शकतो.

सोसायटीत आणखी दोन गोष्टी बदलायला लावल्या. गाडी प्रेशरच्या पाइपने धुवायची नाही, निदान पेडलबॉक्सच्या बाजूने. पावसाळ्यात तिथे तसाही ओलावा असतो. आणि बॅटऱ्यांत बोअरचं किंवा आरओचं पाणी नाही, फक्त डिस्टिल्ड, तेही चार्जिंग झाल्यावर. चार्जिंगआधी फक्त प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढंच.

शेवटची चाचणी त्याच चढावर, सहा माणसं बसवून, दोन्ही दिवे जागेवर ठेवूनच घेतली. स्पीड ब्रेकरवरून मुद्दाम जरा जोरात नेली, दिवे हलले नाहीत. वर पोचल्याबरोबर सीट उचलून इन्फ्रारेड थर्मामीटर सगळ्या लगांवरून फिरवला. सगळे दोन-तीन अंशांच्या फरकात होते, बदललेल्या केबलीचेही. एखादा लग बाकीच्यांपेक्षा दहा-पंधरा अंशांनी गरम लागला असता तर तो परत उघडून घासावा लागला असता.