गोळ्या संपतात महिनाअखेरीला

आज ओपीडीत पुन्हा तेच ऐकलं: "पगार झाला नाही, म्हणून गोळी थांबवली." सगळ्यात महाग पडतं ते हेच. एस्सिटॅलोप्रॅम किंवा व्हेन्लाफॅक्सिन ही नैराश्यावरची औषधं अचानक बंद केली की चक्कर, मळमळ, डोक्यात झटके. लोकांना वाटतं आजार उलटला. क्लोनाझेपॅम ही घबराटीवरची गोळी एकदम सोडली तर फिटही येऊ शकते. पैसे कमी पडत असतील तर डॉक्टरांना तसं सरळ सांगा. लाज कसली त्यात? डोस हळूहळू कमी करता येतो, स्वस्त पर्यायही असतो.

चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून घ्या आणि आधी जनऔषधी दुकानात विचारा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 18 प्रमाणे अत्यावश्यक यादीतली औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वर सरकारी दवाखान्यात मोफत मिळायला हवीत. प्रत्यक्षात साठा संपतो, म्हणून शेवटच्या पट्टीची वाट न बघता आठवडाभर आधी जा.

बायपोलरसाठी (मूडचे टोकाचे चढउतार) लिथियम घेणाऱ्यांचा खर्च गोळीपेक्षा तपासणीचा जास्त. रक्तातली पातळी, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), थायरॉईड हे सरकारी लॅबमध्ये होतं का ते विचारा. रक्त शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी द्यायचं. सकाळी गोळी घेऊन गेलात तर आकडा चुकतो आणि पैसे वाया.

विम्याचं म्हणाल तर त्याच कायद्याचं कलम 21 मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरतं, पण बहुतेक पॉलिसी ओपीडीचा खर्च देतच नाहीत. अडलंच तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.