घाटेअळीचा पतंग होईपर्यंत

हरभऱ्याच्या घाट्यात अर्धे अंग खुपसून दाणे खाणारी अळी म्हणजे घाटेअळी, अर्थात हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा, याबद्दल मला शंका नव्हती; तरीही लेखी खात्री हवी म्हणून पाच अळ्या अल्कोहोलमध्ये घालून कीटक ओळखून देणाऱ्या एका विभागाकडे पाठवल्या. तीन आठवड्यांनी अर्ज परत आला. त्यावर ‘नमुना अपुरा’ एवढाच शेरा होता. काय अपुरे आहे हे विचारायला मी चार वेळा फोन केला आणि चारही वेळा ‘अर्ज नव्याने भरा’ हेच ऐकून घेतले. मग पूर्ण वाढलेल्या दहा अळ्या पाठवल्या; त्याही परत आल्या. पाचव्या फोनवर मात्र एका तंत्रज्ञ बाईंनी दोन मिनिटांत उलगडा केला : या अळीचा रंग हिरव्यापासून तपकिरी, गुलाबीपर्यंत बदलतो आणि जवळच्या जातींच्या अळ्याही तशाच दिसतात, म्हणून त्यांना पंख शाबूत असलेला पतंग हवा होता. मागणी रास्तच होती. पण ‘प्रौढ पतंगच पाठवावा’ हे तीन शब्द अर्जावर छापले असते तर माझा दीड महिना वाया गेला नसता, आणि तोवर घाटे वाळत आल्यामुळे अळ्या शोधत वाफे पालथे घालावे लागले नसते. तो राग अजून गेलेला नाही.

अळ्या पाळायच्या असतील तर एका डबीत एकच ठेवावी, कारण त्या एकमेकींना खातात. मी एकत्र ठेवलेल्या सहांपैकी सकाळी दोनच उरल्या होत्या आणि तळाशी एकीचे कडक डोके तेवढे पडले होते. खाणे सोडून अळी सैरभैर फिरू लागली की तिला बोटभर ओलसर माती द्यावी, कारण ती कोषात मातीतच जाते. पहिला पतंग गुळगुळीत भिंतीवर चढू न शकल्याने चुरगळलेल्या पंखांनिशीच वाळला. दुसऱ्या डबीत खरबरीत कागद उभा केला, तेव्हा पुढच्या पंखावरचा मूत्रपिंडाच्या आकाराचा ठिपका आणि मागच्या पंखाची रुंद काळपट कड स्वच्छ दिसली. पोटाचे टोकही जपावे, कारण पक्की ओळख जननेंद्रियांवरून होते. मादीच्या गंधाने नरांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात नर सापडतातच, हे मला फार उशिरा सुचले.

तिसऱ्या अर्जाचे उत्तर नऊ दिवसांत आले : जातीचे पूर्ण नाव, आणि नमुन्याच्या रकान्यात ‘प्रौढ, नर’.