आमची वाटचाल: स्टुडिओतून घराच्या खिडकीपर्यंत

आम्ही लोकांच्या घरी जाऊन त्यांचे खासगी, जवळचे फोटो काढतो. दिवस भरत आलेली गरोदर बाई, बाळाला पाजणारी आई, आयुष्य एकत्र काढलेलं म्हातारं जोडपं, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर स्वतःच्या शरीराकडे पुन्हा मायेने बघू पाहणारी एखादी. यातले बरेचसे फोटो भिंतीवर लागत नाहीत. ते कपाटातल्या अल्बममध्ये राहतात, नाहीतर फक्त दोघांनाच ठाऊक असलेल्या फोल्डरमध्ये. म्हणूनच या कामाची जबाबदारी आम्हाला मोठी वाटते.

सुरुवात भाड्याच्या स्टुडिओत झाली. माझी मैत्रीण आणि मी, दोघी भागीदार. मोठे फ्लॅश, राखाडी कागदाचा रोल, मागे सरकायला हवी तेवढी जागा. पुढे डॉक्टरांनी विश्रांती सांगितलेल्या एका गरोदर बाईंनी विचारलं, ‘तुम्ही घरी याल का?’ आम्ही गेलो. स्टुडिओत फोटो काढून घेताना माणसं खांदे आवळून बसायची. या बाई स्वतःच्या पलंगावर, स्वतःच्या उशीला टेकून निवांत होत्या. त्यांच्यामुळे त्यांची बहीण आली, मग बहिणीची मैत्रीण. घरचं काम वाढत गेलं आणि आम्ही स्टुडिओची जागा सोडली. जागा सोडायचं ठरवणं सोपं गेलं. घरासाठी कॅमेरा, लेन्स आणि लाइट कोणते, हे ठरायला मात्र बराच काळ लागला.

पहिला प्रश्न लेन्सचा, कारण घरात जागाच नसते. पोर्ट्रेटसाठी 85 मिमीची लेन्स घ्यावी असं सगळे सांगतात आणि त्यात तथ्य आहे (मिमीचा आकडा मोठा तितकं दृश्य अरुंद). पण खुर्चीत बसलेली व्यक्ती डोक्यापासून पावलांपर्यंत, म्हणजे साधारण सव्वा मीटरची उंची, फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा उभा धरून 85 मिमीने टिपायची तर जवळजवळ तीन मीटर मागे जावं लागतं. त्यात व्यक्ती आणि मागची भिंत यांच्यात एखादा मीटर मोकळा हवा, शिवाय फोटो काढणारीला उभं राहायला जागा हवी. पलंग आणि कपाट असलेल्या खोलीत एवढं अंतर क्वचितच मिळतं. तोच फोटो 50 मिमीने पावणेदोन मीटरवरून निघतो. त्यामुळे आमच्या पिशवीतली मुख्य लेन्स 50 मिमी एफ/1.8 आहे (एफचा आकडा लहान तितकं उजेड आत येण्याचं भोक मोठं), 85 मिमी फक्त चेहरा आणि खांद्यांपुरती. क्रॉप, म्हणजे त्याहून लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर 35 मिमीची लेन्स जवळपास तेवढंच दृश्य देते, म्हणून नवं काम सुरू करणाऱ्यांना आम्ही तीच सुचवतो.

चेहरा कसा दिसेल हे मुळात अंतरावर ठरतं. अर्ध्या मीटरवरून कुठल्याही लेन्सने टिपलं तरी नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. दीड मीटरच्या आत शक्यतो यायचं नाही, हा आमचा नियम. त्यामागे दुसरंही कारण आहे, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. अंगावर कमी कपडे असलेल्या, किंवा नुसत्याच संकोचलेल्या माणसाच्या तोंडाशी कॅमेरा नेला की तो आक्रसतो. दीड मीटरवरून हळू आवाजात बोलता येतं आणि समोरच्याला मोकळा श्वासही घेता येतो.

अ‍ॅपर्चर (लेन्समधलं तेच भोक) पूर्ण उघडून मागचं सगळं धूसर करायचा मोह सगळ्यांनाच होतो. 85 मिमी, एफ/1.8, अंतर दीड मीटर, एवढ्यात स्पष्ट दिसणारा पट्टा फक्त तीन-साडेतीन सेंटिमीटरचा असतो. मान जराशी वळली की एक डोळा स्पष्ट आणि दुसरा मऊ. एकट्या व्यक्तीसाठी आम्ही एफ/2.8 च्या आसपास राहतो. दोन चेहरे असतील तर एफ/4, आणि दोघांना शक्यतो एका रेषेत बसवतो.

कॅमेऱ्याच्या बॉडीबद्दल थोडक्यात सांगते. बरीच वर्षं आमच्याकडे डीएसएलआर, म्हणजे आत हलता आरसा असलेले कॅमेरे होते. शांत खोलीत त्यांच्या आरशाचा खटका फार मोठा वाटतो. झोपलेलं बाळ दचकायचं. 2018 मध्ये कॅनन आणि निकॉन दोघांनीही फुल फ्रेम मिररलेस (आरसा नसलेले) कॅमेरे आणले, त्यानंतर आम्हीही हळूहळू वळलो. जुन्या लेन्स अडॅप्टर लावून चालल्या, त्यामुळे खर्च झेपला. आवाज न करणारं शटर, डोळ्यावर आपोआप फोकस आणि वळणारा स्क्रीन या तीन गोष्टी असल्या की आमच्या कामाला बॉडी पुरते. स्क्रीन वळला की कॅमेरा छातीशी धरून समोरच्याच्या डोळ्यांत बघत फोटो काढता येतो. मेगापिक्सेलसाठी जास्तीचे पैसे घालावेत असं मला कधी वाटलं नाही. बीप आणि फोकसचा तांबडा दिवा आम्ही कॅमेरा आल्या दिवशीच बंद करतो.

एक सावधगिरी हवी. हे आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर वापरताना घरातले एलईडी आणि ट्यूब घात करतात. 50 हर्ट्झच्या विजेवर असे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. ते डोळ्यांना कळत नाही, फोटोत मात्र आडवे पट्टे उमटतात. शटर 1/100 किंवा 1/50 सेकंदावर ठेवायचं, नाहीतर ते दिवे बंद करून खिडकीपाशी जायचं.

आता उजेडाबद्दल, कारण माझ्या मते अर्ध्याहून अधिक फोटो त्यातच असतो. घरात शिरल्यावर आम्ही कॅमेरा बाहेर काढत नाही. आधी खोल्या फिरतो, खिडक्या बघतो, पडदे सरकवून बघतो. थेट ऊन न येणारी मोठी खिडकी आणि तिच्यावर पातळ पांढरा पडदा, याच्या तोडीचा सॉफ्टबॉक्स (दिव्याचा उजेड मऊ करणारी कापडी पेटी) मी अजून वापरलेला नाही. व्यक्तीला खिडकीपासून मीटरभर अंतरावर, थोडं तिरपं बसवायचं. दूरच्या गालावर फार काळोख आला तर त्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तक्ता धरायचा. सावली गडदच हवी असेल तर काळं कापड. ब्रिटिश छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना 1863 मध्ये, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मुलीने कॅमेरा भेट दिला आणि त्यांनी घराच्या आवारातलं कोंबड्यांचं खुराडं काचा लावून स्टुडिओ केलं. बाजूने येणाऱ्या उजेडातले त्यांचे चेहरे आजही बघत राहावेसे वाटतात, आणि त्यांच्याकडे बाहेरच्या उजेडाखेरीज दुसरा प्रकाश नव्हता.

खिडकीचा उजेड निळसर, साधारण 5500 केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप) किंवा त्याहून जास्त. पिवळा बल्ब 2700 ते 3000. दोन्ही एकत्र पडले की एक गाल निळा आणि दुसरा नारिंगी होतो, आणि नंतर संगणकावर बसून तो धड सुधारता येत नाही. म्हणून खिडकी वापरायची तर घरातले दिवे आधी बंद. भिंतींचे रंगही त्वचेवर उतरतात, हिरवी भिंत तर फारच. तिथे फ्लॅश भिंतीवर आपटवायचा नाही. पांढरं छत असेल तर छतावर.

संध्याकाळी किंवा अंधाऱ्या खोलीत आम्ही एकच एलईडी लाइट आणि साठ सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स वापरतो. फ्लॅश ताकदवान असतो हे खरं, पण प्रत्येक झगमगाटाला माणूस सावध होतो. एलईडी लागून राहतो, थोड्या वेळाने त्याचं भान उरत नाही. विकत घेताना वॅटपेक्षा सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा, बघावा: 95 च्या वर, आणि आर9 चा आकडाही चांगला. तो लाल रंगाचा, आणि त्वचेत लाल असतोच. आर9 कमी असला की माणूस आजारी दिसतो.

लाइट जितका जवळ तितका मऊ, कारण चेहऱ्याच्या मानाने त्याचा आकार मोठा होतो. शिवाय अंतर दुप्पट झालं की उजेड एक चतुर्थांश होतो. सॉफ्टबॉक्स चेहऱ्यापासून साठ-सत्तर सेंटिमीटरवर, फोटोच्या चौकटीच्या जरा बाहेर ठेवला, तर चेहरा उजळतो आणि मागचे दोरीवरचे कपडे, औषधांच्या बाटल्या, उघडं कपाट काळोखात बुडतं. कुणालाही घर आवरायला न सांगता फोटो काढता येतो, हे मला या एका लाइटचं सर्वांत मोठं देणं वाटतं. स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी मात्र नेहमी. घरात मुलं असतात.

फोनने घरच्या घरी असे फोटो काढावेत का, असं अनेकजणी विचारतात. जरूर काढावेत. फोनची मुख्य लेन्स वाइड असते, म्हणून दोनपट किंवा तीनपट झूमची लेन्स निवडून मागे सरकावं, ब्यूटी मोड बंद करावा, खिडकीपाशी बसावं. त्याआधी क्लाउडवर आपोआप जाणारा बॅकअप आणि फोटोत नोंदलं जाणारं ठिकाण, दोन्ही तपासावं.

आमच्या कॅमेऱ्यांचं वाय-फाय कामाच्या वेळी बंद असतं. फाइल्स एनक्रिप्ट केलेल्या (पासवर्डशिवाय न उघडणाऱ्या) डिस्कवर जातात आणि डिलीट केलेला फोटो कार्डावरून परत मिळवता येतो हे आम्ही ग्राहकांना आधीच सांगतो. दुसऱ्यांना दाखवण्यासाठी फोटो वापरायचा तर प्रत्येक फोटोची वेगळी लेखी परवानगी घेतो, आणि ती नंतर कधीही मागे घेता येते. सुपूर्द केलेले फोटो आम्ही किती दिवस ठेवायचे हेही ग्राहकच ठरवतात. काहीजणी त्याच दिवशी पुसायला सांगतात. मग आम्ही डिस्कची प्रत त्यांच्यासमोर पुसतो आणि कार्ड त्यांच्याकडेच ठेवून निघतो. त्या कार्डाची किंमत मानधनात आधीच धरलेली असते.