परवान्याची बंदूक घरात आहे आणि माणूस बिथरला आहे

शस्त्र परवाना कसा काढायचा हे सांगणारे गल्लोगल्ली भेटतात. घरातला परवानाधारक धोकादायक वागायला लागला तर हत्यार बाजूला कसं करायचं, हे त्याच्या बायकोमुलांनाही ठाऊक नसतं. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये त्याची सोय आहे, फक्त ती मागावी लागते.

परवाना देतानाची चाळणी कागदावर बरी आहे. जिल्ह्यात जिल्हाधिकारी, आयुक्तालय असेल तिथे पोलीस आयुक्त परवाना देतात. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे अर्जासोबत वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. अर्जदार शरीराने-मनाने ठीक आहे आणि नशेच्या आहारी गेलेला नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं हवं. शिवाय पोलीस ठाण्याचा चौकशी अहवाल. वय २१ च्या आत असेल तर बंदूक नाही. हिंसेच्या गुन्ह्यात कैद झाली असेल तर शिक्षा संपल्यावर पुढची ५ वर्षं नाही. चॅप्टर केसमध्ये, म्हणजे शांतता राखण्याच्या हमीसाठीच्या कारवाईत, बंधपत्र घेतलं असेल तर त्याची मुदत संपेपर्यंत नाही. मनोविकल (कायद्याच्या भाषेत, मन ठिकाणावर नसलेला) किंवा ‘कोणत्याही कारणाने’ अपात्र वाटणाऱ्याला कलम १४ खाली परवाना नाकारता येतो.

अडचण अशी, की वैद्यकीय प्रमाणपत्र हे त्या दिवसापुरतं असतं आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना ५ वर्षांचा झाला आहे. मधल्या काळात माणूस कर्जात बुडतो, दारूला लागतो, नैराश्यात जातो. बंदूक कपाटात तशीच असते.

इथे दोन कलमं कामी येतात. कलम १७(३) प्रमाणे परवाना देणारा अधिकारी तो निलंबित किंवा रद्द करू शकतो. धारक मनोविकल असणं हे त्याचं एक कारण, ‘कोणत्याही कारणाने अपात्र’ असणं हे दुसरं, आणि सार्वजनिक सुरक्षितता हे तिसरं. कलम २२ त्याहून तातडीचं आहे. अमुक माणसाच्या हाती शस्त्र राहू देणं सार्वजनिक शांततेला किंवा सुरक्षिततेला धोक्याचं आहे असं दंडाधिकाऱ्यांना सकारण वाटलं, तर कारणं नोंदवून ते घराची झडती घ्यायला लावू शकतात आणि शस्त्र जप्त करून ठेवू शकतात. परवाना वैध असला तरीही.

ही कारवाई मागणाऱ्या अर्जात माणूस ‘वेडा’ आहे हे सिद्ध करायच्या भानगडीत पडू नका. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ च्या कलम ३ प्रमाणे नुसत्या आजाराच्या निदानावरून कुणी मनोविकल ठरत नाही, तसं सक्षम न्यायालयाने जाहीर करावं लागतं. ही तरतूद मला अगदी योग्य वाटते. गोळ्या चालू असलेल्या लाखो माणसांना धोकादायक म्हणणं अन्यायाचं आहे, आणि त्या भीतीने लोक उपचारच टाळतील. म्हणून भर आजारावर नको, वागण्यावर हवा: कोणत्या तारखेला, कुणासमोर, काय बोलला, बंदूक बाहेर काढली का, दारू प्यायला होता का, स्वतःचा जीव द्यायची भाषा केली का. नुसतं ‘घरात सतत भांडणं होतात’ लिहिलं की तो कौटुंबिक वाद म्हणून बाजूला पडतो. शेजाऱ्यांनी पाहिलं असेल तर त्यांचा जबाब जोडा.

अर्जात परवाना क्रमांक, हत्याराचा प्रकार, त्यावर कोरलेला क्रमांक आणि घरातली काडतुसं किती, हे लिहा. परवान्याच्या पुस्तिकेचा फोटो असला तर उत्तम. एक प्रत ठाण्यात, एक जिल्हाधिकारी किंवा आयुक्त कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत, आणि दोन्हीकडे आवक शिक्क्याची पोच घ्यायची. मागणी नेमकी हवी: कलम १७(३) खाली निलंबन आणि तोवर शस्त्र जमा. ‘योग्य ती कारवाई व्हावी’ एवढंच लिहिलेला अर्ज पडून राहतो. बंदूक प्रत्यक्ष हातात घेतली असेल तर अर्जाची वेळ नाही, ११२ लावा.

सगळ्यात मोठी चूक चांगल्या मनाने होते. बायको बंदूक गुंडाळून माहेरी भावाकडे ठेवते. भावाकडे परवाना नाही, म्हणजे बेकायदा शस्त्र बाळगल्याचा गुन्हा त्याच्यावर. परवानाधारकाच्या लेखी अधिकाराने दुसऱ्याला शस्त्र नेता येतं, पण ते दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी किंवा धारकाच्याच वापरासाठी. लपवून ठेवणं त्यात बसत नाही. माणूस शांत असताना त्यालाच समजावून, त्याच्याच सहीने ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे सुरक्षित ठेव म्हणून जमा करायला लावणं हा सर्वांत कमी कटकटीचा मार्ग. नुसतं जमा केल्याने परवाना जात नाही, हे त्याला आधीच सांगा. बहुतेकांची खरी भीती तीच असते. सोबत टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्या, उपचाराची वाट तिथून सापडते.

कोकणात शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक असेल तर जास्त जपा. ती भरलेली आहे की रिकामी हे वरून कळत नाही. नळीत बंदुकीची दारू आणि छर्रे कित्येक दिवस ठासलेले राहतात. घरच्यांनी नळीत गज घालून तपासू नये, टोपी (बार पेटवणारी छोटी स्फोटक टिकली) काढायलाही जाऊ नये. नळीसमोर कुणी येऊ न देता ती आहे तिथेच राहू द्यावी, पोलिसांना ‘भरलेली असू शकते’ असं आधीच सांगावं आणि जाणकाराकडून रिकामी करून घ्यावी. घरातली बंदुकीची सुटी दारू, छर्रे आणि टोप्याही त्याच वेळी जमा करायच्या. पावतीवर हत्याराचा क्रमांक आणि काडतुसांचा आकडा तुमच्यासमोर लिहून घ्या. पुढे शस्त्र परत मागताना हीच पावती कामी येते. परवाना रद्द झाला तर कलम १८ खाली अपील करता येतं.